जुनी इलेक्ट्रिक गिटार: आधी नेक, मग पिकअप

जुन्या इलेक्ट्रिक गिटारचा खरा कस नेकमध्ये लागतो. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली, की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, साधारण ०.२५ मिलिमीटर फट दिसायला हवी. फट जास्त असेल तर नेकमधली ट्रस रॉड ही पोलादी सळई थोडी आवळून बाक कमी करता येतो. सळईचे आटेच गेलेले असतील तर सौदा सोडलेला बरा. पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचा नखाला लागतात. त्या उथळ असल्या तर घासून निघतात. खोल असल्या तर नवे फ्रेट बसवावे लागतात आणि तो खर्च स्वस्त गिटारच्या किमतीला भिडतो.

आवाजाचे बटण फिरवताना होणारी खरखर मात्र किरकोळ. आतला पोटेन्शिओमीटर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केला की ती बहुधा जाते.

सुधारणेचा पहिला पैसा नव्या तारा, सेटअप आणि नीट कोरलेला नट (नेकच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) यांवर घालावा. स्वर उतरण्याचा दोष सर्रास खुंट्यांच्या माथी मारला जातो. पुष्कळदा तार नटच्या अरुंद खाचेत अडकत असते. पिकअप त्यानंतर. एका कॉइलच्या सिंगल-कॉइल पिकअपला २५० किलो-ओहमचे आणि दोन कॉइलच्या हंबकरला ५०० किलो-ओहमचे पोटेन्शिओमीटर जोडण्याचा प्रघात आहे. हंबकरला २५० चे लावल्यास आवाजाची धार बोथटते. काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, पुढे गिटार विकताना त्यांना किंमत येते.

मुंबई-कोकणच्या दमट पावसाळ्यात लाकूड फुगते, तारा गंजतात. तिथे नेकचा बाक पावसाळ्याआधी आणि नंतर पुन्हा तपासावा लागतो.