वाढते वय आणि मोटारसायकल थांबण्याचे अंतर

रायपूरजवळच्या बीरगांवहून उरला औद्योगिक क्षेत्राकडे तुम्ही मोटारसायकलवरून ताशी 60 किमी वेगाने निघाला आहात, असे समजा. पुढचा ट्रक अचानक थांबतो.

थांबण्याचे अंतर = प्रतिक्रिया-अंतर + ब्रेक-अंतर

60 किमी/तास म्हणजे 16.7 मी/से. कोरड्या रस्त्यावर ऋण त्वरण 6 मी/से² धरू.

प्रतिक्रियेस 1 सेकंद: 17 + 23 = 40 मीटर.
वयामुळे किंवा लक्ष विचलित होऊन 1.5 सेकंद: 25 + 23 = 48 मीटर.

आता वेग 50 ठेवा. 1.5 सेकंदांतही 21 + 16 = 37 मीटर. गेलेला अर्धा सेकंद वेग 10 ने कमी करून भरून निघतो.

चाळिशीनंतर समोरच्या दिव्यांनी दिपलेले डोळे सावरायला जास्त वेळ लागतो. म्हणून रात्री वेग आणखी कमी ठेवा.