अस्वल तिकडे, पाऊस इकडे

पांढऱ्या अस्वलाची गोष्ट आपल्याकडे मुलांना फार लवकर सांगितली जाते आणि तितक्याच लवकर उरकली जाते. 27 फेब्रुवारीला, जागतिक ध्रुवीय अस्वल दिनी, एखाद्या शाळेत तक्ता लागतो. गणपतीत एखादं मंडळ कापसाच्या बर्फावर अस्वल उभं करतं आणि खाली 'पृथ्वी वाचवा' अशी पाटी लावतं. बघणारा 'अरेरे' म्हणतो आणि पुढच्या देखाव्याकडे सरकतो. बडा गणपतीचं दर्शन घेऊन मल्हारगंजात घरी परतणाऱ्या इंदूरकराने सात हजार किलोमीटरवरच्या प्राण्याची काळजी का करावी, हे त्या पाटीवर नसतंच. माझं मत विचाराल तर कीव करायची काही गरज नाही. अस्वल काय सांगतंय तेवढं नीट ऐकावं.

त्याचं पोट समुद्रावरच्या बर्फावर चालतं. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी वर येतो आणि अस्वल तिथे तासन्‌तास दबा धरून बसतं. मोकळ्या पाण्यात सील त्याला सहसा सापडत नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळला की अंगावरच्या चरबीवर दिवस काढायचे, हे त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. पण आता हे उपासाचे दिवस लांबत चाललेत. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम भागात 2016 साली अंदाजे 842 अस्वलं होती, 2021 च्या हवाई पाहणीत ती 618 भरली. सगळीकडे अशीच घसरण आहे असं मात्र नाही. जगात मिळून सुमारे 26 हजार अस्वलं आहेत आणि त्यांचे काही गट आजही टिकून आहेत. याचं बरंचसं श्रेय 1973 साली पाच देशांनी केलेल्या कराराला जातं. त्यामुळे बेसुमार शिकारीला आळा बसला. बंदूक कराराने रोखता आली, बर्फाचं वितळणं त्याच कागदाने थांबत नाही.

हा 'टिकून आहेत' भाग तक्त्यावर येत नाही, कारण त्याने डोळ्यांत पाणी येत नाही. 2017 साली कॅनडातल्या एका बेटावर हाडं निघालेलं, पाय ओढत चालणारं अस्वल चित्रित झालं आणि 'हवामान बदल असा दिसतो' अशा मथळ्याखाली नॅशनल जिऑग्राफिकने ती चित्रफीत दाखवली. ती जगभर पाहिली गेली. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकाला कबूल करावं लागलं की हा मथळा जरा जास्तच ठाम होता. ते एक अस्वल नेमकं कशाने खंगलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शंका घेणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. रडवून शिकवलं की असंच होतं.

आता जरा आपल्या माणसांकडे वळू. गोव्यात वास्कोच्या सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर नारळ, आत उत्तर ध्रुवाचा अभ्यास! या केंद्राचं 'हिमाद्री' हे ठाणं नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, नी-आलेसुंड नावाच्या चिमुकल्या वस्तीत, 2008 पासून आहे. तिथे घरांच्या दारांना कुलूप लावत नाहीत. अस्वल आलंच तर समोरच्या कुठल्याही दारात घुसता यावं म्हणून. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर बरोबर बंदूक आणि ती चालवायचं शिक्षण हवं. शेजारच्या खाडीत 2014 साली भारताने मोजणीची उपकरणं पाण्याखाली सोडली. हीच खाडी पूर्वी हिवाळ्यात गोठायची, 2006 पासून बहुतेक वर्षी ती धड गोठतच नाही. आणि तिथली अस्वलं उन्हाळ्यात सील सोडून बदकं-हंसांच्या घरट्यांतली अंडी फस्त करताना दिसू लागली आहेत.

याच गोव्याच्या केंद्रातल्या संशोधकांनी 2021 साली एक निष्कर्ष मांडला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. तिथला बर्फ उन्हाळ्यात फार कमी झाला की उघडं पडलेलं पाणी वरच्या हवेला ऊब देतं, वातावरणाच्या वरच्या थरांत दाबाची एक लाट उठते आणि ती युरोपावरून वळत आशियाकडे उतरते. त्या वेळी अरबी समुद्रही तापलेला असेल तर मध्य भारतात पावसाळ्याच्या शेवटी, विशेषतः सप्टेंबरमध्ये, अतिवृष्टीला पोषक परिस्थिती तयार होते. संशोधकांनी शीर्षकातच 'संभाव्य संबंध' असे शब्द वापरलेत, आणि आपणही त्याच्या पुढे जाऊ नये. अमुक दिवशीचा पाऊस कारा समुद्राने पाडला, असं छातीठोकपणे कुणी सांगू लागलं तर ती पुन्हा त्या चित्रफितीचीच चूक होईल.

पण सप्टेंबरचा पाऊस म्हणजे काय, हे माळव्यात कुणाला समजावून सांगायला नको. 2019 च्या सप्टेंबरात मंदसौरकडे गांधीसागराच्या पाण्याने गावं वेढली. 2023 च्या सप्टेंबरात इंदूर झोडपून निघालं आणि नर्मदा फुगली. शेतात त्या वेळी सोयाबीन कापणीला आलेलं असतं. पिकल्या शेंगांवर सलग पाऊस पडला की शेंगा काळ्या पडतात, दाणा डागी होतो, कधी शेंगेतच कोंब फुटतात. असा माल लक्ष्मीबाईनगरच्या मंडीत आला की व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन ओलावा आणि डाग बघतो आणि भाव तिथेच पडतो.

आर्क्टिकचा बर्फ वर्षातला सगळ्यात कमी होतो तोही बहुधा सप्टेंबरच्या मध्यालाच, म्हणजे ऐन गणपतीच्या आगेमागे. उपग्रहांच्या नोंदीत सर्वांत नीचांकी वर्ष 2012 चं, तेव्हा जेमतेम 34 लाख चौरस किलोमीटर बर्फ उरला होता. दरवर्षीचा हा आकडा जाहीर होतो आणि कुणालाही बघता येतो. तेव्हा मल्हारगंजातल्या मंडळांना एवढंच सांगणं आहे: अस्वल करायचं असेल तर जरूर करा, पण शेजारी एक नकाशा लावा. त्यावर कारा समुद्र दाखवा, माळवा दाखवा, त्या वर्षीचा बर्फाचा आकडा आणि इंदूरचा सप्टेंबरातला पाऊस लिहा. 'पृथ्वी वाचवा'ची पाटी काढली तरी चालेल.