ऑर्डर सेव्ह का होत नाही?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदारांसाठी मी ऑर्डरचं सॉफ्टवेअर लिहितो. दुपारचे फोन ठरलेले: "सर, सेव्ह दाबलं, चक्र फिरतंय, पण ऑर्डर जात नाही." पान सकाळीच उघडलेलं, मध्ये जेवणाची सुट्टी. पडद्यामागे सर्व्हरने 419 हा आकडा पाठवून रिक्वेस्ट नाकारलेली असते. पानावर त्याचा मागमूस नसतो.

लॅराव्हेलसारखी चौकट पानासोबत एक गुप्त टोकन देते आणि काहीही बदलताना ते परत मागते. ते नसतं, तर शेजारच्या टॅबमधली लबाड साइट तुमच्या लॉगिनच्या जोरावर परस्पर ऑर्डर टाकू शकली असती. सेशनची मूळ मुदत 120 मिनिटं. ती उलटली की पानावरचं टोकन शिळं.

काहीजण वैतागून ही तपासणीच बंद करतात. कृपा करून तसं करू नका, त्या ऑर्डरीत कुणाचे तरी पैसे अडकलेले असतात. मी टोकन प्रत्येक रिक्वेस्टच्या हेडरमध्ये पाठवतो. 419 आलं की भरलेला मजकूर जपून तिथेच लॉगिन करून घेतो, नवं टोकन आणतो आणि तीच ऑर्डर पुन्हा पाठवतो. क्लार्कला फक्त पासवर्डची चौकट दिसते; साइज, रंग, डझन पुन्हा भरावे लागत नाहीत.