घरचा पहिला व्हिडिओ कॅमेरा

पोळ्याचा दुसरा दिवस. नागपुराच्या दक्षिणेस असलेल्या बेसा या गांवीं, जेथें एके काळीं शेतें होतीं आणि आतां उंच इमारती उभ्या आहेत, तेथें सायंकाळच्या सुमारास लहान मुलें लाकडी नंदी ओढीत घराबाहेर पडतात. हा तान्हा पोळा. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं तो १८०६ सालीं सुरू केला, असें नागपुरांत परंपरेनें सांगतात. कोणी शेतकऱ्याचा वेष घेतो, कोणी शिवाजी महाराजांचा; घरोघर बोजारा गोळा होतो; आणि प्रत्येक मुलापुढें कोणी बाप, कोणी आजोबा हातांत फोन उंच धरून उलट्या पावलीं चालत असतो. इतक्या हौसेनें टिपलेलें तें चित्र पुढील पोळ्यास शोधूं गेल्यास बहुधा सांपडत नाहीं. फोन बदललेला असतो, हरवलेला असतो, किंवा जागा अपुरी पडली म्हणून घरांतल्याच कोणीतरी चित्रें पुसून टाकलेलीं असतात.

अशा घरांत मग विचार निघतो कीं, खास घरासाठीं म्हणून एक व्हिडिओ कॅमेरा घ्यावा. विचार वाईट नाहीं. मात्र दुकानांत गेल्यावर पहिला प्रश्न किंमतीचा आणि दुसरा झूम किती पट याचा, एवढ्यावर चौकशी संपते. आणि ज्या प्रश्नावर सर्व अवलंबून आहे तो कोणाच्या मनांतहि येत नाहीं. आज घेतलेलें चित्र तीस वर्षांनीं कोण पाहणार, आणि कशावर पाहणार, हा तो प्रश्न होय.

तीस वर्षांची मुदत उगाच धरलेली नाहीं. घरगुती डिजिटल व्हिडिओचा उदय १९९५ सालचा. त्या वर्षीं डीव्ही ही पद्धत बाजारांत आली, आणि आगपेटीहून थोड्या मोठ्या अशा मिनी-डीव्ही कॅसेटवर तासभर चित्र मावूं लागलें. तत्पूर्वीं, १९८५ पासून, सोनी कंपनीचा हँडीकॅम होता. नांव एका कंपनीचें. पण लोकांनीं तें सर्वच लहान कॅमेऱ्यांना लावून टाकलें. लग्नमुंजींचें चित्रण बहुधा व्हीएचएस कॅसेटवर होत असे. त्या कॅसेटी आजहि अनेक घरांतल्या कपाटांत, वरच्या फळीवर, रेशमी साड्यांच्या शेजारीं सुखानें पडून आहेत. परंतु त्या दाखविणारें यंत्र कोठें आहे? व्हीसीआर बनविणारी अखेरची कंपनी म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई, तिनें २०१६ च्या जुलैंत तें काम थांबविलें. मिनी-डीव्ही कॅसेटींतील चित्र संगणकावर उतरविण्यास फायरवायर नांवाची जोडणी लागते. ती नव्या संगणकांत नसते. त्यांतच पावसाळ्याची दमट हवा कॅसेटच्या फितीवर बुरशी आणते. ज्या घरांत आजीचा आवाज अशा एखाद्याच कॅसेटींत उरला आहे, त्या घरास ही हानि केवढी आहे हें सांगावयास नको.

कॅमेरा विकत घेणाऱ्याची ही अडचण फार जुनी आहे. भारतांत चलच्चित्र घेणारे पहिले भारतीय म्हणून ज्यांची ओळख आहे, ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईचे छायाचित्रकार. ल्यूमिए बंधूंचा खेळ ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत झाला. तो पाहून त्यांनीं विलायतेहून २१ गिनींस एक कॅमेरा मागविला. एका गिनीचे २१ शिलिंग. म्हणजे २२ पौंड १ शिलिंग, आणि पौंडास १५ रुपये या दरानें सुमारें ३३० रुपये झाले. १८९९ सालीं त्यांनीं हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचें चित्रण केलें. परंतु ती फिल्म धुण्यासाठीं त्यांना परत विलायतेसच पाठवावी लागली. कॅमेरा हातीं आला म्हणजे चित्र हातीं आलें असें तेव्हांहि नव्हतें.

आतां निवडीकडे वळूं. कॅमकॉर्डर या शब्दांत कॅमेरा आणि रेकॉर्डर हे दोन शब्द एकवटले आहेत. पूर्वीं हीं दोन यंत्रें निराळीं असत, आणि रेकॉर्डरचें ओझें खांद्यास अडकवून हिंडावें लागे. १९८३ सालीं घरगुती वापरासाठीं तीं प्रथम एका पेटींत आलीं. आज खिशांतला फोन हाहि एक कॅमकॉर्डरच आहे. मग वेगळें यंत्र घ्यावेंच कां, याचें उत्तर प्रत्येक घरानें प्रामाणिकपणें द्यावें. दोन-तीन मिनिटांचे प्रसंग, जवळून, दिवसा टिपावयाचे असतील, तर चांगला फोन पुरेसा आहे. तेथें कॅमकॉर्डरवर पैसे घालणें ही हौस झाली, गरज नव्हे. परंतु शाळेचें स्नेहसंमेलन सभागृहाच्या मागील रांगेंतून दोन तास टिपावयाचें असेल, किंवा वृद्ध माणसास समोर बसवून त्याच्या आठवणी सलग भरून घ्यावयाच्या असतील, तर फोन अपुरा पडतो. मध्येंच कोणाचा तरी फोन येतो, यंत्र तापतें, बॅटरी उतरते. कॅमकॉर्डरची बॅटरी काढून दुसरी घालतां येते, तो हातांत नीट बसतो, आणि त्याचा झूम खऱ्या भिंगांचा असतो.

छायाचित्रांचे जे मोठे कॅमेरे येतात त्यांतहि चित्रण उत्तम होतें. परंतु जुनें यंत्र घेणाऱ्यानें एक गोष्ट तपासावी. त्यांतील पुष्कळसे कॅमेरे २९ मिनिटें ५९ सेकंद झालीं कीं आपोआप थांबतात. हा यंत्राचा दोष नव्हे. अर्ध्या तासाहून अधिक चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यास युरोपांत व्हिडिओ कॅमेरा समजून जास्त जकात पडत असे. ती चुकविण्यासाठीं ही मर्यादा ठेवण्यांत आली. नाटकाचा तिसरा अंक जकातीपायीं हुकावा, हा विनोदच म्हणावयाचा.

झूमविषयीं दुकानांत फार मोठे आंकडे सांगतात. भिंगें पुढेंमागें सरकून जी वस्तु मोठी दिसते तो ऑप्टिकल झूम. यांत चित्राचा तपशील कायम राहतो. डिजिटल झूममध्यें चित्राचा मधला तुकडा कापून नुसता ताणतात. वर्तमानपत्रांतलें छायाचित्र भिंगाखालीं धरल्यास ठिपके मोठे होतात, नवें कांहीं दिसत नाहीं, तसाच हा प्रकार. तेव्हां डिजिटल झूमचा आंकडा शेंकड्यांत असला तरी तो विचारांतच घेऊं नये. ऑप्टिकल झूम २० ते ३० पट असला म्हणजे घरास पुरून उरतो. मात्र इतक्या झूमवर हात किंचितहि हलला तरी चित्र डोलतें. म्हणून चित्र स्थिर ठेवण्याची सोय भिंगांत आहे कीं नुसती कांटछाट करून साधलेली आहे, हें विचारावें. आणि एक साधा तिपाई स्टँड कॅमेऱ्याबरोबरच घ्यावा. तो पुढें घेऊं म्हणणारे पुढें घेत नाहींत.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे भिंगामागें बसविलेला संवेदक, अर्थात् प्रकाश टिपणारी लहानशी चौकोनी पट्टी. स्वस्त घरगुती कॅमकॉर्डरांत ती १/५.८ इंच या मापाची असते. हें माप जुन्या टेलिव्हिजनच्या नळ्यांवरून आलेलें आहे. प्रत्यक्षांत पट्टीचा कर्ण जेमतेम ३ मिलिमीटर भरतो. पागोळ्याखालीं वाटी ठेवली तर थोडें पाणी जमतें, परात ठेवली तर पुष्कळ. प्रकाशाचेंहि तसेंच आहे. आजच्या चांगल्या फोनचा संवेदक या पट्टीहून कित्येक पटींनीं मोठा असतो. त्यामुळें दिवसा उत्तम दिसणारा कॅमकॉर्डर रात्रीं हळदीच्या मांडवांत फोनपेक्षां वाईट चित्र देतो, आणि घरधनी चकित होतो. मोठ्या संवेदकाचा कॅमकॉर्डर मिळतो, पण त्याची किंमत फार. मध्यम मार्ग असा कीं, लहान संवेदकाचा कॅमेरा घेतला तर प्रकाशाची सोय आपण करावी: खोलींतील सर्व दिवे लावावेत, आणि खिडकी माणसाच्या पाठीशीं नव्हे, तोंडासमोर येईल असें बसवावें.

आवाजाकडे तर सहसा कोणी लक्षच देत नाहीं. एखाद्या घरीं म्हाताऱ्या आजी जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवितात. नातू कॅमेरा लावतो. चित्र सुरेख येतें. नंतर ऐकावें तों कूलरची घरघर तेवढी ऐकूं येते. मनुष्याचा कान नको तो आवाज मनानें गाळून टाकतो. मायक्रोफोनला मन नाहीं. कॅमेऱ्यांतला मायक्रोफोन जितका दूर, तितका खोलींतला गोंगाट अधिक. म्हणून बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याचें छिद्र कॅमेऱ्यास आहे ना, हें झूमच्याहि आधीं पाहावें. पुष्कळ स्वस्त कॅमेऱ्यांत तें नसतें. सदऱ्यास किंवा पदरास लावावयाचा लहान मायक्रोफोन फार महाग नसतो, आणि चित्र थोडें काळवंडलें तरी शब्द स्पष्ट ऐकूं आले म्हणजे तें टिपण कामाचें राहतें. कूलर व पंखा मात्र तेवढा वेळ बंद ठेवावा. नागपुराच्या मे महिन्यांत हें सांगणें क्रूरपणाचें आहे. ओव्या दिवाळीनंतर म्हणावयास सांगितल्या तर सर्वांचीच सोय होईल.

मे महिन्याची गोष्ट निघाली, म्हणून सांगावयाचें कीं, अशा कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेंत ० ते ४० अंश उष्णतेची मर्यादा बहुधा दिलेली असते. नागपुरांत पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत त्याहूनहि पुष्कळ. तेथें कॅमेरा ठेवून मंगल कार्यालयांत जेवावयास बसूं नये. पावसाळ्यांत उलट काळजी घ्यावी: चामड्याच्या पिशवींत ओल धरून भिंगावर बुरशी येते, घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवणें चांगलें.

अमेरिकेंतील मुलाकडून किंवा भाच्याकडून कॅमेरा मागविण्याची पद्धत नागपुरांतहि आहे. तो स्वस्त पडतो खरा. पण तेथील वीज सेकंदास ६० आवर्तनांची, येथील ५० ची. त्यामुळें तेथील कॅमेरे सेकंदास ३० किंवा ६० चित्रें घेतात, येथील २५ किंवा ५०. तिकडचा कॅमेरा येथें ट्यूबलाइटखालीं चालविला तर चित्रांत उजेड लकलकतो किंवा पट्टे सरकतांना दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर हातानें ठेवतां येत असेल तर हा दोष बहुतेक जातो. ती सोय कित्येक स्वस्त कॅमेऱ्यांत नसते. चार्जर मात्र बहुधा १०० ते २४० व्होल्टचा असतो. तेवढें वाचून मगच तो भिंतीच्या सॉकेटांत घालावा.

आतां थोडा हिशेब. चित्रणाचा दर मेगाबिटांत सांगतात; आठ मेगाबिटांचा एक मेगाबाइट. सेकंदास २४ मेगाबिट या दरानें एचडी चित्रण केल्यास सेकंदास ३ मेगाबाइट, आणि तासास १०,८०० मेगाबाइट, म्हणजे सुमारें ११ गिगाबाइट लागतात. तेंच ४के चित्रण १०० मेगाबिट दरानें केल्यास तासास ४५ गिगाबाइट. ६४ गिगाबाइटच्या कार्डावर पहिल्या रीतीनें जवळ जवळ सहा तास मावतात, दुसऱ्या रीतीनें दीड तासहि नाहीं. ज्या घरचा संगणक जुना आहे आणि सांठविण्याची डिस्क लहान आहे, त्या घरानें ४केच्या मोहांत पडूं नये. चांगल्या प्रकाशांतलें एचडी चित्र घरच्या टेलिव्हिजनवर फार सुंदर दिसतें. कार्ड मात्र खात्रीच्या दुकानांतून घ्यावें. ४केसाठीं व्ही३० अशी खूण असलेलें घ्यावें. या खुणेचा अर्थ सेकंदास निदान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. बनावट कार्डें बाजारांत असतात, व तीं लग्नाच्याच दिवशीं दगा देतात.

कॅमकॉर्डरांचीं नवीं मॉडेलें आतां थोडींच उरलीं आहेत, त्यामुळें वापरलेला कॅमेरा घेण्याची वेळ येऊं शकते. तेव्हां आपलें कार्ड बरोबर न्यावें. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत दोन मिनिटें, दारांत उन्हाकडे दोन मिनिटें, आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवर पूर्ण झूम करून दोन मिनिटें चित्रण करावें. तें घरीं आणून मोठ्या पडद्यावर पाहावें, आणि मग पैसे द्यावेत. त्या कॅमेऱ्याची नवी बॅटरी अजून मिळते कीं नाहीं, हें त्याआधीं विचारावें. कॅसेटवर चालणारा कॅमेरा कितीहि स्वस्त मिळाला तरी पहिला म्हणून घेऊं नये. घरांत जुन्या कॅसेटी असतील तर मात्र त्या उतरवून घेण्यापुरता तो घ्यावा, आणि तें काम पुढच्या पावसाळ्याआधीं उरकावें.

कार्ड ही सांठवण नव्हे. तें टिपणवही आहे. प्रत्येक सणानंतर त्यांतील चित्रण संगणकांत आणि एका बाहेरच्या डिस्कवर उतरवावें, दोन्हीकडे उघडून पाहावें, मगच कार्ड पुसावें. तिसरी प्रत बेसा येथें न ठेवतां दुसऱ्या गांवीं, पुण्यास किंवा अमरावतीस असलेल्या लेकीच्या घरीं द्यावी; एका घरास आग लागली वा चोरी झाली तरी दुसऱ्या घरीं ती राहते. दर पांच-सहा वर्षांनीं सर्व चित्रण नव्या डिस्कवर घ्यावें. आणि कॅमेरा आपल्या मनानें जे आंकडे फाइलीस नांव म्हणून देतो ते तसेच ठेवूं नयेत. साल, सण, गांव, आणि चित्रांत कोण कोण आहे, हें घरांतल्या सर्वांत वडील माणसास शेजारीं बसवून, विचारून लिहावें. नंदी ओढणाऱ्या नातवामागें दारांत उभ्या असलेल्या त्या शेजारीणबाई कोण, हें बहुधा त्यांनाच ठाऊक असतें.