मोटारीच्या इंजिनाची अर्थिंग तार

इंजिनाची अर्थिंग तार ही मोटारगाडीचे इंजिन, तिची धातूची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांना एकमेकांशी जोडणारी जाड तार किंवा तांब्याची विणलेली पट्टी होय. तिला ग्राउंड वायर, अर्थ वायर किंवा बोलीभाषेत नुसते ‘अर्थिंग’ असेही म्हणतात. घरातील अर्थिंगप्रमाणे ही तार जमिनीला जोडलेली नसते. बॅटरीतून निघालेली विद्युतधारा परत बॅटरीकडे पोहोचवणे हे तिचे काम असते. गंजलेली किंवा अपुऱ्या जाडीची तार बदलणे, अथवा तिच्या जोडीला आणखी तार बसवणे, हे काम अनेक मोटारमालक स्वतः करतात. या कामाचा लाभ मूळ मार्गात किती व्होल्टेज वाया जात होते, यावरच अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

मोटारीतील प्रत्येक दिव्याला व उपकरणाला जाण्यासाठी एक आणि परतीसाठी एक अशा दोन तारा न देता, परतीसाठी धातूची बॉडी किंवा चॅसीच वापरली जाते. यामुळे तारेची लांबी, वजन आणि खर्च वाचतो. बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडावे याबाबत पूर्वी एकवाक्यता नव्हती. अमेरिकेतील फोर्ड मोटारींत १९५५ पर्यंत ६ व्होल्टची बॅटरी असे व तिचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. १९५६ च्या मॉडेलांपासून १२ व्होल्ट व ऋण टोक बॉडीला ही पद्धत आली. ब्रिटिश मोटारींत धन टोक जोडण्याची पद्धत आणखी काही वर्षे टिकली. एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये १९६७ मध्ये डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आला, तेव्हा हा बदल झाला. आज ऋण टोक बॉडीला जोडणे हीच सर्वमान्य पद्धत आहे.

रचना व कार्य

कंपने बॉडीपर्यंत पोहोचू नयेत म्हणून इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते. रबर विद्युतरोधक असल्याने इंजिन बॉडीपासून विद्युतदृष्ट्या वेगळे पडते. स्टार्टर मोटर, अल्टरनेटर आणि स्पार्क प्लग यांचा परतीचा मार्ग मात्र इंजिनाच्या धातूतूनच जातो. त्यामुळे साधारणतः एक तार बॅटरीपासून बॉडीकडे, एक बॅटरीपासून इंजिन किंवा गिअरबॉक्सकडे आणि एक इंजिनापासून बॉडीकडे अशी जोडणी केलेली असते. इंजिन सतत हलत असल्याने शेवटच्या जोडणीसाठी लवचीक विणलेली पट्टी बरेचदा वापरतात.

इंजिन चालू करताना लहान पेट्रोल मोटारीचा स्टार्टर १०० ते २०० अँपिअर धारा घेतो. डिझेल इंजिनाला याहून अधिक लागते. एवढ्या धारेपुढे अगदी अल्प रोधही महत्त्वाचा ठरतो. २५ चौरस मिलिमीटर छेदाच्या १ मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.७ मिलिओहम असतो. १५० अँपिअर धारेला तिच्यात सुमारे ०.१ व्होल्टची घट होते. १० चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट सुमारे ०.२६ व्होल्ट असते. गंजलेल्या सांध्याचा रोध १० मिलिओहम झाला, तर त्या एकाच सांध्यावर १.५ व्होल्ट खर्ची पडतात आणि २२५ वॅट उष्णता निर्माण होते. त्यामुळे दोष बहुधा तारेच्या जाडीपेक्षा तिच्या टोकांशी असतो.

बिघाडाची कारणे व लक्षणे

बॅटरीतून निघणारी आम्लाची वाफ, पावसाचे पाणी, रस्त्यावरचा चिखल आणि सततची कंपने यांमुळे सांधे गंजतात व तारेचे पेड एकेक करून तुटतात. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत ही झीज अधिक वेगाने होते. टर्मिनलवर साचलेली पांढरट किंवा निळसर-हिरवट पूड हे तिचे दृश्य चिन्ह होय.

बॅटरी चांगली असूनही स्टार्टर संथ फिरणे, नुसता ‘टक्’ असा आवाज येणे, भार वाढताच हेडलाइट मंदावणे आणि डॅशबोर्डवरील काटे चुकीचे दाखवणे ही नेहमीची लक्षणे आहेत. ती अशक्त बॅटरीशी मिळतीजुळती असल्याने अनेकदा बॅटरी बदलली जाते व दोष तसाच राहतो. इंजिनाची पट्टी पूर्ण तुटल्यास स्टार्टरची धारा मिळेल त्या धातूतून वाट काढते. क्लच, अॅक्सिलरेटर किंवा गिअरच्या केबलमधून ती गेल्यास केबल तापून तिचे प्लॅस्टिकचे आवरण वितळते. अकारण जळालेली केबल दिसल्यास अर्थिंग तपासावे लागते, ते यासाठीच.

चाचणी

मल्टिमीटरवर रोध मोजण्याची पद्धत येथे फसवी ठरते. मीटर अत्यंत अल्प धारा सोडत असल्याने, एकच पेड शिल्लक असलेली तारही त्याला निर्दोष वाटते. म्हणून भार असताना व्होल्टेजमधील घट मोजली जाते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढतात आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून इंधनपंपाचा फ्यूज काढून ठेवतात. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटाला, तर दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावतात. दुसऱ्या व्यक्तीने स्टार्टर काही सेकंद फिरवला असता वाचन साधारण ०.२ व्होल्टच्या आत असावे; ०.५ व्होल्टच्या पुढे गेल्यास मार्गात निश्चित दोष असतो.

त्यानंतर खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन असे टप्पे वेगवेगळे मोजले की सदोष जागा सापडते. इंजिन चालू असताना, हेडलाइट व पंखा लावून, अल्टरनेटरचे कवच आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्येही अशीच मोजणी करतात.

तार बदलण्याची पद्धत

पुष्कळदा सांधे साफ करणे पुरेसे असते. तार बदलायची झाल्यास बारीक पेडांची, शुद्ध तांब्याची लवचीक केबल निवडतात. ती स्टार्टरच्या धन केबलपेक्षा बारीक नसावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त तारा दिसायला सारख्याच असतात. परंतु ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असल्याने त्याच जाडीत त्यांचा रोध अधिक असतो.

केबलच्या टोकांना कथिलाचा लेप दिलेले तांब्याचे लग योग्य क्रिम्पिंग साधनाने दाबून बसवतात. पक्कडीने दाबलेला लग कालांतराने सैल होतो. केवळ डाख दिलेली जोडणी कडक बनून कंपनांमुळे डाखाच्या कडेशी तुटू शकते. बॉडीवरील जोडणीची जागा पॉलिश पेपरने घासून रंग काढला जातो. बोल्ट घट्ट आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावल्याने ओलावा आत शिरत नाही. इंजिनाच्या हालचालीसाठी तारेत थोडा ढिलेपणा ठेवतात आणि ती एक्झॉस्ट, पंखा व बेल्ट यांपासून दूर नेतात. अतिरिक्त तार बसवताना मूळ तार काढून टाकली जात नाही.

सुरक्षितता

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक सर्वप्रथम सोडवतात आणि सर्वांत शेवटी जोडतात. ऋण टोक जोडलेले असताना धन टोकावरील पाना बॉडीला लागल्यास शॉर्ट सर्किट होऊन शेकडो अँपिअर धारा वाहते. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने तिच्याजवळ ठिणगी धोकादायक असते. अंगठी, कडे व धातूचा घड्याळपट्टा काढून ठेवणे हितावह असते. बॅटरी सुटल्यावर घड्याळ, रेडिओचा संकेतांक आणि पॉवर विंडोची मांडणी पुन्हा करावी लागू शकते.

लाभ, दावे व मर्यादा

२००० नंतरच्या दशकात जपानमध्ये इंजिनाच्या विविध भागांपासून बॅटरीपर्यंत रंगीत तारा नेणारे अर्थिंगचे तयार संच लोकप्रिय झाले. असे संच शक्ती व मायलेज वाढवतात, असा दावा विक्रेते करतात. मात्र निर्दोष मार्गात मुळातच व्होल्टचा लहानसा अंशच वाया जात असल्याने आणखी तारा जोडून मिळवण्यासारखे फारसे काही उरत नाही. आधुनिक मोटारींत संवेदकांच्या परतीच्या तारा थेट इंजिन नियंत्रण संगणकाकडे जातात, आणि बॅटरीच्या व्होल्टेजमधील चढउतारानुसार तो इंजेक्टर व इग्निशन कॉइल यांच्या वेळा आपोआप बदलतो.

जुन्या, गंजलेल्या मोटारीत मात्र फरक स्पष्ट जाणवतो. फिलामेंटच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे १३.५ ऐवजी १३ व्होल्ट मिळाल्यास प्रकाश सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. मोठे ध्वनिवर्धक बसवणारे शौकीन अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तिन्ही केबल एकत्रच जाड करतात; तेथे वाढीव धारेमुळे ती गरजच असते.

स्टार्ट-स्टॉप यंत्रणा असलेल्या मोटारींत ऋण टर्मिनलवर धारा मोजणारा संवेदक बसवलेला असतो. अशा मोटारीत नवी तार थेट बॅटरीच्या खुंटाला जोडल्यास तिच्यातील धारा संवेदकाला टाळून जाते व बॅटरीच्या स्थितीचा अंदाज चुकतो. म्हणून ती संवेदकाच्या पलीकडे, बॉडीवर जोडावी लागते. हायब्रिड व विद्युत मोटारींतील नारिंगी केबल उच्च व्होल्टेजच्या असतात आणि ते मंडल बॉडीपासून पूर्णतः विलग ठेवलेले असते. त्यात मोटारमालकाने हात घालणे प्राणघातक ठरू शकते.