बुलडोझर गेल्यानंतर

रवींद्र धर्मराज यांच्या ‘चक्र’ (1981) या चित्रपटात घरासाठी पहिला जीव जातो तो पत्र्यापायी. गावच्या सावकाराचा खून करून नवरा बायकोपोरासह मुंबईत पळून आलेला असतो. झोपडी उभी करायची तर पत्रा हवा, आणि तो चोरतानाच त्याला गोळी लागते. मागे उरतात स्मिता पाटील यांनी उभी केलेली अम्मा आणि तिचा मुलगा. चित्रपटाला आधार जयवंत दळवींच्या कादंबरीचा. अखेरीस वस्तीवर बुलडोझर येतात, सगळं सपाट होतं आणि चित्रपट संपतो.

तो शेवट अंगावर येतो. तरीही प्रत्येक वेळी मला पुढचं विचारावंसं वाटतं. त्या रात्री ही माणसं निजली कुठे? दुसऱ्या दिवशी कामावर कोण गेलं? रेशनकार्ड कुणाच्या पदराला बांधलेलं होतं? झोपडी पडायला काही मिनिटं पुरतात. बेघर होणं मात्र त्याच्या कितीतरी आधी कागदावर सुरू झालेलं असतं, आणि पुढे वर्षानुवर्षं सरत नाही. आपल्या पडद्याने ती मधली मिनिटं पुष्कळदा दाखवली. आधीचं आणि नंतरचं फार थोड्यांनी.

‘चक्र’च्याच वर्षी, 13 जुलै 1981 रोजी, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात झोपड्या तुटल्या, माणसं बसमध्ये घालून शहराबाहेर नेली गेली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारे काहीजण न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे आलं आणि सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने 10 जुलै 1985 रोजी निकाल दिला.

अर्जदारांचं म्हणणं साधं होतं. हमाल, फेरीवाला, घरकाम करणारी बाई फुटपाथवर राहते, कारण काम पायी गाठता येईल इतकं जवळ असतं. तिथून उठवलं की रोजी जाते, आणि रोजी गेली की जगणंच उरत नाही. न्यायालयाने हे मानलं. राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे तत्त्व या निकालाने पक्कं केलं. जगभरच्या न्यायालयांत आजही त्याचा दाखला दिला जातो. पण फुटपाथ अडवून राहण्याचा हक्क कुणाला नाही, असंही याच निकालाने सांगितलं. 1976 च्या गणतीचं ओळखपत्र असेल त्याला पर्यायी जागा द्यावी आणि पाऊस सरेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, कुणाला हटवू नये, एवढी सवलत मिळाली. ज्यांच्या नावाने हा निकाल गौरवला जातो त्यांच्या पदरात घर पडलंच नाही, याची चुटपुट मला तो वाचताना दर वेळी लागते.

त्या ओळखपत्रापासून मुंबईतलं घर कागदावर टेकलं ते टेकलंच. फोटोपास, विजेचं बिल, मतदारयादीतलं नाव. झोपडी 1 जानेवारी 1995 पूर्वीची आहे का? पुढे ही तारीख 1 जानेवारी 2000 झाली. 2004 च्या अखेरीस पालिकेने मोहीम काढली आणि हजारो झोपड्या तोडल्या, तेव्हाही कोण पात्र आणि कोण अपात्र हे अशाच तारखेवर ठरत होतं. हातात कागद नसलेल्याला पोटात गोळा येण्यासाठी बुलडोझर दारात यावा लागत नाही.

आनंद पटवर्धनांचा ‘हमारा शहर’ (1985) हा माहितीपट मला या सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो तोडफोड झाल्यावर तिथून निघून जात नाही. पावसात ताडपत्री ओढणाऱ्या बाया त्यात आहेत, आणि शहर सुंदर करायला निघालेले वरच्या मजल्यांवरचे लोकही. शाहीर विलास घोगरे यांचं गाणं त्यात आहे. एक बाई तर कॅमेऱ्यासमोरच दिग्दर्शकाला फैलावर घेते. आमची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला काय मिळणार, हा तिचा सवाल. पटवर्धनांनी तो कापून टाकला नाही. पुढच्याच वर्षी कफ परेडची संजय गांधी नगर वस्ती तुटली तेव्हा शबाना आझमींबरोबर तेही उपोषणाला बसले. त्या लोकांना अखेर जागा मिळाली ती गोरेगावच्या दिंडोशीत. दक्षिण टोकाला धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी हे अंतर केवढं, हे लोकलने रोज जाणाऱ्याला सांगायला नको.

घर जायला दर वेळी बुलडोझर लागतोच असंही नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावर बेतलेल्या महेश मांजरेकरांच्या ‘लालबाग परळ’मध्ये (2010) चाळीतली खोली जागेवरच असते. 1982 च्या गिरणी संपानंतर पगार बंद झालेला असतो आणि आतलं माणूस न् माणूस उसवत जातं. पा. रंजित यांचा ‘काला’ (2018) रजनीकांतसाठी लिहिलेला, त्यामुळे हाणामारी भरपूर. पण त्यात धारावीची माणसं एक दिवस कामावर जात नाहीत आणि अख्खी मुंबई अडून बसते. फुटपाथवाल्यांच्या वकिलांनी मांडलेलं घर आणि रोजी यांचं नातं लोकप्रिय सिनेमात इतकं स्पष्ट क्वचितच दिसलं असेल.

आता एखाद्या दिग्दर्शकाने माहुलला जावं. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर अनेक कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहुलमध्ये इमारतीत खोल्या मिळाल्या. पक्क्या भिंती, नळ, संडास. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. दमा, खाज, खोकला यांच्या तक्रारी घेऊन लोक रस्त्यावर आले, विद्याविहारला जलवाहिनीजवळ धरणं धरून बसले. सप्टेंबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरी जागा द्या, नाहीतर दरमहा 15 हजार रुपये भाडं द्या. सरकारी नोंदीत यातली कित्येक कुटुंबं पुनर्वसित होती, आणि ती भाड्याची खोली शोधत फिरत होती.