माशी बांधणारे हात

बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी खोटं ओळखण्यात गेली. खोटी सही, खोटी नोट, खाडाखोड केलेला चेक. निवृत्तीनंतर आपणच एक नकली वस्तू बनवू आणि ती खपली की हरखून जाऊ, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला मी केबिनबाहेर घालवलं असतं. पण गेल्या एप्रिलअखेर डेन्व्हरला मुलाच्या घरी मी नेमकं हेच केलं. बनवली ती माशी, आणि गिऱ्हाईक होता ट्राउट मासा.

आम्ही मूळचे मालवणकडचे. गरीला कोळंबी लावून खाडीवर बसायचं, एवढीच आमची विद्या. इथला प्रकार निराळा. बारीक गळावर लोकर, केस, पिसं बांधून पाण्यातल्या किड्याची नक्कल करायची. तो किडा म्हणजे कॅडिस, फुलपाखरांचा जवळचा भाऊबंद. त्याची अळी अंगातून रेशीम काढते आणि काटक्या, वाळू सांधून स्वतःचं घर बांधते. वाढ झाली की दार बंद करून कोशात जाते. काही आठवड्यांनी कोशातला जीव घर कापून बाहेर पडतो, पोहत वर येतो आणि पृष्ठभागावर कात टाकून उडून जातो. ट्राउट टपलेला असतो तो याच प्रवासावर.

या जिवाची नक्कल बरीच वर्षं नीट साधत नव्हती. मोंटानातल्या गॅरी लाफाँटेन यांनी थेट पाण्यात बुडी मारून माशांची शिकार पाहिली. वर येणाऱ्या जिवाभोवती हवेचे चमकते बुडबुडे असतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग अँट्रॉन नावाचा चकचकीत कृत्रिम धागा त्यांनी माशीभोवती सैल पिशवीसारखा बांधला. त्यांचं कॅडिसवरचं पुस्तक 1981 साली आलं. अजून लोक त्याच पद्धतीने बांधतात.

मुलाने टेबलाला छोटा शेगडा लावला, त्यात चौदा नंबरचा गळ पकडला. पोटाला हिरवी लोकर, वरून अँट्रॉन, डोक्याशी गडद केस. माझी पहिली माशी पाहून तो म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही फार आवळता. आई सैल बांधायची.’’

मी दचकलोच. 2018 साली आम्ही दोघं इथे आलो होतो, तेव्हा ही त्याच्याशेजारी बसून माशा बांधायची, हे मला ठाऊक होतं. मी तेव्हा सोफ्यावर वर्तमानपत्र वाचत असे. क्रोशाची सुई चालवलेले तिचे हात. ती जाऊन आता दीड वर्ष झालं. डबीच्या कोपऱ्यात तिच्या तीन माशा अजून होत्या.

माझ्या सतत बदल्या व्हायच्या. पोरगा आईजवळ वाढला. आमचं बोलणं मार्क, फी आणि पुढे व्याजदर, यापलीकडे फारसं गेलंच नाही.

शनिवारी तीन तास गाडी हाकून आम्ही सलायडाला गेलो, अर्कान्सास नदीवर. लेडव्हिलच्या खाणींच्या पाण्याने ही नदी एके काळी नासली होती. बरीच वर्षं सफाई चालली, आणि 2014 साली राज्याने तिच्या 102 मैलांना उत्तम ट्राउट-नदीचा दर्जा दिला. वसंतात पाणी कोमट होऊ लागलं की इथे कॅडिस ढगांसारखे उठतात. या बहराला तिथे ‘मदर्स डे कॅडिस’ म्हणतात. मुलाने दोरीला आईची माशी बांधली आणि काठी माझ्या हातात दिली. दोघंही काही बोललो नाही.

माशी वरच्या अंगाला टाकायची, बुडू द्यायची, प्रवाहाबरोबर वाहू द्यायची. मासा असेल त्या जागेशी आली की काठी हळूच उचलायची, म्हणजे ती जिवंत किड्यासारखी वर निघते. तिसऱ्या खेपेला हिसका बसला. मी सवयीने जोरात ओढलं. दोरी तुटली. मासा गेला, तिची माशीही गेली.

मला काही सुचेना. मुलगा म्हणाला, ‘‘गळाचा काटा दाबलेला आहे, बाबा. मासा थोड्या वेळात झटकून टाकेल. आईच्या अजून दोन आहेत.’’

‘‘त्या राहू देत,’’ मी म्हटलं, ‘‘माझीच लाव.’’

माझी गच्च, ओबडधोबड माशी दोन तास कुणी हुंगली नाही. कॅशियर कडक होता. उन्हं कलताना मात्र एका तपकिरी ट्राउटने ती स्वीकारली. या वेळी मी ओढलं नाही. हात ओला करून मुलाने मासा पाण्यातच धरला, मला दाखवला आणि सोडून दिला. मालवणच्या माणसाला हे पाहवत नाही, पण मी गप्प राहिलो.

परतीच्या वाटेवर तो आईबद्दल बोलत होता. तीन तास. त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं.

रात्री मी पुन्हा शेगड्यापाशी बसलो. धागा जरा सैल सोडला. मुलाने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘ही चालेल.’’